पोराबाळांना घेऊन गाडीने उलुरूला: पाणी, पेट्रोल, टेंट आणि चारच्या आत मुक्काम

मे महिना आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, तुम्ही उलुरूला, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या मोठ्या लाल खडकाकडे, गाडीने गेला होतात ना, टेंटमध्ये राहिलात ना, मग आम्हाला सांगा कसं करायचं, मुलं लहान आहेत, भारतातून आईबाबा आलेत, जमेल का. जमतं. आम्ही दोनदा केलंय, दोन्ही वेळा अ‍ॅडलेडहून आणि दोन्ही वेळा जुलैत. गाडी साधी सेव्हन सीटर, फोर व्हील ड्राईव्ह नाही. मुलं पहिल्या वेळी ९ आणि ५ वर्षांची होती आणि दुसऱ्या वेळी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई पण बरोबर होत्या, वय ७२, आणि तीन रात्री सोडल्या तर बाकी सगळ्या रात्री त्या टेंटमध्येच झोपल्या.

सगळ्यात आधी एक नियम सांगते, तो आमच्या घरात आता पाठ झालाय: दुपारी चारला गाडी कॅम्पसाईटवर लागलेली पाहिजे. सकाळी किती वाजता निघायचं, दिवसाला किती किलोमीटर, जेवायला कुठे थांबायचं, सगळं या चारवरून मागे मोजत यायचं. जुलैत तिकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्याच्या आधीचा तासभर आणि नंतरची सगळी रात्र रस्ता कांगारूंचा असतो. पहिल्या ट्रिपला आम्ही लेक हार्टच्या मिठाच्या तळ्यापाशी फार वेळ काढला, मुलं त्या पांढऱ्या जमिनीवर पळत होती, उठवेना, आणि मग कूबर पीडी या खाणींच्या गावाच्या आधी शंभरेक किलोमीटरवर अंधार पडला. एक कांगारू डावीकडून थेट हेडलाईटमध्ये आलं. नवऱ्याने स्टिअरिंग अजिबात वळवलं नाही, सरळ रेषेत ब्रेक दाबला, म्हणून वाचलो. हे लक्षात ठेवा, जनावर आडवं आलं तर ब्रेक सरळ, गाडी वळवायची नाही, त्या वेगात वळवली की गाडी उलटते आणि लोक जातात ते तसेच जातात. उरलेला रस्ता आम्ही साठच्या स्पीडने कापला आणि गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही. भाड्याच्या गाडीने जात असाल तर कागद नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी गावाबाहेर रात्री गाडी चालवताना काही झालं तर इन्शुरन्स मिळत नाही, आणि कच्च्या रस्त्यावर नेली तरी मिळत नाही.

आता कधी जायचं. मे ते सप्टेंबर, बस. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत मोठी सुट्टी आहे म्हणून जायचा मोह होतो पण तेव्हा तिकडे उन्हाळा, पारा सहज चाळिशीच्या आसपास असतो, माश्या असह्य असतात, उष्णतेमुळे चालायच्या वाटा सकाळीच बंद करतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर विषयच नको. आणि उन्हाळ्यात पाऊस पडला तर तोही असा पडतो की जानेवारी २०२२ मध्ये ग्लेंडाम्बोच्या बाजूला पूर येऊन उलुरूकडे जाणारा स्टुअर्ट हायवेच बंद झाला होता, उत्तरेकडची दुकानं रिकामी पडली होती. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आणि मग रोज सकाळी साऊथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी, दोन्हींचे सरकारी रस्त्यांचे रिपोर्ट बघायचे. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड आहे, आणि तो योग्यच आहे कारण सोडवायला येणाऱ्या माणसाचाही जीव त्यात असतो.

रस्ता सोपा आहे, चुकायला जागाच नाही. अ‍ॅडलेड ते पोर्ट ऑगस्टा साधारण ३१० किलोमीटर, तिथून स्टुअर्ट हायवे सुरू होतो तो थेट डार्विनपर्यंत, सगळा डांबरी. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पीडी ५४०, कूबर पीडी ते अर्लडंडा ४९० च्या आसपास, अर्लडंडाला डावीकडे लासेटर हायवेवर वळायचं आणि २४५ किलोमीटरवर युलारा, म्हणजे उलुरूचं गाव. एका बाजूने साधारण १६०० किलोमीटर झाले. येताना किंग्ज कॅनियन ही दरी करून परत अ‍ॅडलेड म्हणजे सगळे मिळून साडेतीन हजार धरा. नकाशावर बघून लोक म्हणतात पाच दिवसांत होईल. होईल, पण मुलं गाडीतच मोठी होतील. १० ते १२ दिवस काढा, आणि दोन चालवणारे असतील तर फार बरं, दर दोन तासांनी थांबून माणूस बदलायचा. रस्ता इतका सरळ आहे की झोप तिथेच येते.

पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा, पोर्ट ऑगस्टापर्यंतच. त्याचं कारण सांगते, घरून निघायला उशीर होतोच, काहीतरी विसरलेलं असतंच, आणि पोर्ट ऑगस्टा हे शेवटचं गाव जिथे मोठी सुपरमार्केट आहेत. दूध, भाज्या, बर्फ, गॅसचे डबे, मुलांचं औषध, सगळं तिथे भरून घ्या. पुढे कूबर पीडी आणि युलाराला दुकानं आहेत पण माल मोजका आणि भाव चढे. मेलबर्नहून मिल्ड्युराच्या रस्त्याने येणाऱ्यांनी यांबाच्या चेकपोस्टच्या आधी फळं संपवायची, फळमाशीमुळे साऊथ ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं आणता येत नाहीत, आणि हे लोक गाडी उघडून बघतात.

पेट्रोलचं साधं गणित, रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचा पंप आणि खाण्याचं ठिकाण, दिसलं की टाकी फुल करायची, अर्धी असली तरी. ग्लेंडाम्बो ते कूबर पीडी अडीचशे किलोमीटर मध्ये काहीच नाही, ना पेट्रोल ना पाणी. आणि एखादं रोडहाऊस दुरुस्तीला बंद असू शकतं म्हणून आदल्या गावातूनच फोन करून विचारून घ्यायचं. भाव शहरापेक्षा खूप जास्त असतो, त्याचा त्रास करून घेऊ नका, बजेटमध्ये आधीच धरा, आमची गाडी शंभर किलोमीटरला दहा लिटर घेते म्हणजे साडेतीनशे लिटर झालं. कूबर पीडीनंतर मार्ला लागतं, त्याच्या पुढे तुम्हाला पंपावर लो अ‍ॅरोमॅटिक असं लिहिलेलं पेट्रोल दिसेल, कित्येक ठिकाणी साधं ९१ ऑक्टेनचं मिळतच नाही. घाबरू नका, साध्या पेट्रोल गाडीला ते चालतं. पेट्रोल हुंगायच्या व्यसनाने तिथल्या आदिवासी वस्त्यांमधली कितीतरी तरुण मुलं गेली, म्हणून त्या भागात नशा न येणारं पेट्रोल आणलं, २००५ पासून. मुलाने विचारलं तेव्हा त्याला हे समजेल असं सांगितलं, आणि मला वाटतं सांगावं.

पाणी माणशी दिवसाला १० लिटर धरा, पिणं, स्वयंपाक, हातपाय सगळं धरून. आम्ही २० लिटरचे दोन कॅन वापरायला आणि १० लिटरचा एक सीलबंद, तो घरी येईपर्यंत उघडायचा नाही, तो फक्त गाडी बंद पडली तर. रोडहाऊसच्या नळाला बऱ्याचदा बोअरचं पाणी असतं, वर पाटी असते पिऊ नका म्हणून, मुलांना ती पाटी ओळखायला शिकवा. आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, कधीच नाही. गाडी लांबून आणि वरून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, हायवेवर कोणीतरी थांबतंच. फोनसाठी टेल्स्ट्राचं सिम घ्या, तरी दोन गावांच्या मध्ये तासन्‌तास रेंज नसते. आम्ही पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे सॅटेलाईटने मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र, घेतला, हाताच्या पंजाएवढा असतो, जिवावर बेतलं तरच दाबायचा, भाड्यानेही मिळतो. नवीन आयफोनवर सॅटेलाईटने एसओएस जातो तेही घरीच एकदा डेमो मोडमध्ये शिकून घ्या, तिथे वाळवंटात उभं राहून शिकायला नको. निघायच्या आधी गाडीची सर्व्हिसिंग, आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा, आमच्या ओळखीत एकांची स्टेपनीच बसलेली निघाली आणि मार्लाला दोन दिवस गेले.

रोड ट्रेनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पहिल्यांदा बघून छाती दडपते. एका ट्रकला तीन-तीन डबे, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. ओव्हरटेक करायला समोर किलोमीटर-दीड किलोमीटर रस्ता स्वच्छ रिकामा दिसला पाहिजे, नाहीतर मागे राहा, घाई कसली आहे, ओव्हरटेकिंग लेन येते. समोरून आली तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, वाऱ्याचा फटका बसतो, वर टपावर काही बांधलं असेल तर जास्तच. नॉर्दर्न टेरिटरीत शिरलं की काही पट्ट्यांवर १३० ची मर्यादा आहे पण सामान भरलेल्या गाडीने शंभरच बरे. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं की स्पीड कमी करा, त्यावर मोठे गरुड बसलेले असतात आणि ते जड असल्याने उशिरा उडतात, थेट काचेच्या उंचीवर येतात. कुंपण नसलेल्या रानात गुरंही रस्त्यावर येतात. आणि एक छान गोष्ट, समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, मुलांनी पहिल्या दिवशी असे मोजून ६४ नमस्कार घेतले.

टेंटचं म्हणाल तर लोकांचा समज असतो वाळवंट म्हणजे गरम. जुलैच्या रात्री तीन-चार डिग्री असतात, कधी शून्याखाली, सकाळी टेंटवर दव गोठलेलं. थंडी वरून नाही, खालून लागते, म्हणून पांघरुणं वाढवण्यापेक्षा खाली जाड फोमची मॅट घाला, तिच्यावर आम्ही सासूबाईंची गोधडी घातली, मग शून्य डिग्रीची स्लीपिंग बॅग, डोक्याला कानटोपी, आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी. म्हाताऱ्या माणसांसाठी उंच कॅम्प कॉट घ्या, जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात. पॉवर्ड साईट, म्हणजे विजेची सोय असलेली जागा, घेतली तर छोटा हीटर नाही तरी इलेक्ट्रिक ब्लँकेट चालतं. टेंटबरोबर येतात त्या बारीक खुंट्या तिकडे वाकतात, जमीन दगडासारखी आहे, जाड स्टीलच्या खुंट्या आणि हातोडी न्या. आणि घरच्या मागच्या अंगणात एकदा टेंट लावून, एक रात्र झोपून बघा, कोणता खांब कुठे जातो यावरून अंधारात होणारी भांडणं टळतात. गॅस शेगडी किंवा कोळसा टेंटच्या आत कधीही पेटवायचा नाही, कितीही थंडी असो, त्या धुराने झोपेत माणूस जातो आणि कळतही नाही.

खाणं हा माझ्या आवडीचा भाग. रोडहाऊसवर शाकाहारी माणसाला चिप्स आणि टोस्टेड सँडविच यापलीकडे फार नसतं, तेही दोन दिवसांनी नको होतं, म्हणून घरचं नेलंत तर ट्रिप सुखाची होते. मी पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, भडंग, बेसनाचे लाडू, आणि पोळ्या लाटून अर्ध्या भाजून फ्रीझ करून नेते, त्या एस्कीत, म्हणजे थंड ठेवायच्या पेटीत, बर्फाचंच काम करतात. पुढच्या दिवसांना थालिपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्याचं बेसन, मूगडाळ-तांदूळ एकत्र करून मोजून भरलेल्या पिशव्या, त्यात हळद-मीठ-गोडा मसाला आधीच घातलेला, म्हणजे तिथे फक्त पाणी घालायचं आणि कुकर चढवायचा. तीन लिटरचा कुकर न्याच, वाऱ्यात उघड्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. शेगडीला तिन्ही बाजूंनी आडोसा पाहिजे. कूबर पीडीला कुकरची शिट्टी ऐकून शेजारच्या कॅरव्हानमधलं म्हातारं जोडपं काय झालं म्हणून बघायला आलं आणि खिचडी-तूप खाऊन गेलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना एक न फोडलेला ओपलचा, तिथल्या खाणीतल्या रत्नाचा, दगड दिला. बर्फ दोन-तीन दिवस टिकतो, रोडहाऊसवर पिशवी मिळते. ताटं धुवायच्या आधी कागदाने पुसायची, निम्मं पाणी वाचतं. टोटल फायर बॅन, म्हणजे जाळ पेटवायला पूर्ण बंदी, असेल त्या दिवशी शेकोटी नाही, गॅसचेही नियम वेगळे असतात, रिसेप्शनला विचारायचं. युलाराला रात्री खाणं आणि चपला बाहेर ठेवू नका, डिंगो, म्हणजे तिकडची रानटी कुत्री, उचलून नेतात.

कूबर पीडीला दोन रात्री राहाच. १९१५ साली एका १४ वर्षांच्या मुलाला, विली हचिसनला, तिथे पहिला ओपल सापडला, आणि मग उन्हाळ्याला कंटाळून लोक जमिनीखालीच राहायला लागले, आजही राहतात, आत बारा महिने चोवीस-पंचवीस डिग्री. जमिनीखाली टेंट लावायची सोय असलेली कॅम्पसाईटही आहे, वारा नाही, थंडी नाही, सासूबाई त्या रात्री सगळ्यात शांत झोपल्या. जमिनीखालचं सर्बियन चर्च बघा. पण मुलांचा हात सोडायचा नाही, गावाबाहेर जिकडे तिकडे खोदलेल्या उघड्या खाणी आहेत, झाकण नाही, कठडा नाही, आणि फोटो काढताना मागे सरकत जायचं नाही, तशा पाट्याच लावल्यात. ३० किलोमीटरवर कांकू-ब्रेकअवेज आहे, रंगीत टेकड्यांचा भाग, शेवटचा रस्ता कच्चा पण कोरडा असेल तर हळू हळू साध्या गाडीने जाता येतं.

पुढे लासेटर हायवेवर डावीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो आणि गाडीतले सगळे ओरडतात उलुरू उलुरू. ते उलुरू नाही, माउंट कॉनर आहे. अजून तास-दीड तास आहे.

उलुरूच्या नॅशनल पार्कात कॅम्पिंग नाही, युलाराच्या कॅम्पग्राउंडलाच राहायचं, जुलैची साईट चार-सहा महिने आधी बुक करा. पास ऑनलाईन काढा, मोठ्यांना तीन दिवसांचे ३८ डॉलर, १८ च्या आतल्यांना काही नाही. तीन रात्री ठेवा. जुलैत सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो म्हणजे मुलांना फार लवकर उठवावंही लागत नाही. खडकाला पूर्ण फेरी १०.६ किलोमीटर, सपाट, आम्ही मुलांबरोबर अर्धीच केली आणि ती पुरली. सासूबाईंसाठी कुनिया वॉक, जाऊन येऊन एक किलोमीटर, शेवटी मुटिजुलूचं पाण्याचं कुंड, व्हीलचेअरही जाते. रेंजरबरोबरचा माला वॉक फुकट असतो, तो चुकवू नका. काटा जुटा या खडकांच्या समूहाचे ३६ घुमट तिथून ५० किलोमीटर, वालपा गॉर्ज मुलांना सोपा, व्हॅली ऑफ द विंड्स ७.४ किलोमीटरचा, दम लागतो.

खडकावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी आहे. त्याच तारखेला, १९८५ साली, ही जमीन तिच्या मूळ मालकांना, आनांगू लोकांना परत दिली होती. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथे फोन खिशात. आणि दगड, वाळू काही उचलायचं नाही. सासूबाईंना मी हे समजावून सांगायला गेले तर त्याच म्हणाल्या, अगं देवराईतली काडी उचलतो का आपण. मग त्यांनीच नातवंडांचे खिसे तपासले. नेलेले दगड लोक वर्षानुवर्षांनी माफीच्या पत्रासकट पोस्टाने परत पाठवतात, हे रेंजरकडून कळल्यावर धाकट्याने बुटातले खडेसुद्धा झटकले.

किंग्ज कॅनियन युलाराहून ३०० किलोमीटर. रिम वॉक ६ किलोमीटरचा, पण सुरुवातीलाच उभी चढण आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जवळच्या कॅथलीन स्प्रिंग्जला जावं, अडीच किलोमीटर, सपाट. आम्ही दोन गट केले.

रात्री कॅम्पवरचे दिवे सोडून थोडं लांब जाऊन खुर्च्या टाका. जुलैत साडेनऊ-दहाला वृश्चिक बरोबर डोक्यावर येतो, ज्येष्ठा मान सरळ वर करून बघावी लागते, आपल्याकडे जो दक्षिणेला खाली असतो तो. ध्रुवतारा नाहीच, तो तिथून दिसत नाही. सासूबाईंनी तो बराच वेळ शोधला, मग मुलांनी त्यांना सदर्न क्रॉस हा दक्षिणेचा तारकासमूह दाखवला. तेव्हा भारतात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, भारतातल्या आणि युलाराच्या घड्याळात बरोबर चार तासांचा फरक, युलाराला रेंज असते, घरी फोन करायचा असेल तर ती वेळ चांगली.

परतीला अर्लडंडाला फळं संपवून टाका, साऊथ ऑस्ट्रेलियात परत शिरताना तोच नियम. लाल माती टेंटच्या चेनमध्ये जाऊन बसते, घरी आल्यावर टेंट गुंडाळून ठेवायच्या आधी उन्हात उघडा टाका, जुन्या टूथब्रशने चेनी घासा आणि पूर्ण वाळल्यावरच आत ठेवा. आणि तो १० लिटरचा सीलबंद कॅन आता उघडा, झाडांना घाला.